अर्जावरच्या चार रकान्यांबद्दल: जनुकशास्त्राला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

जनुकशास्त्रातल्या संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या अर्जाच्या पहिल्या पानावर चार रकाने असतात. मानव, प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव. त्यांतल्या एकावरच खूण करायची. खाली प्रश्न असतो, 'या संशोधनाचा मानवी आरोग्याला थेट उपयोग काय?' आणि उत्तराला चार ओळींची जागा. बावीस वर्षं मी हा अर्ज भरते आहे. दर वेळी शेवटच्या रकान्यावर खूण करते, कारण माझं काम यीस्टवर आहे. त्या चार ओळी लिहिताना दर वेळी हात अडखळतो.

यंदाचा अर्ज परत आला. त्यात नव्या प्रयोगांसाठी काहीच मागितलं नव्हतं. आमच्याकडे यीस्टच्या काही हजार स्ट्रेन्स, म्हणजे वेगवेगळे वाण आहेत, तीन पिढ्यांच्या संशोधकांनी जमवलेले. प्रत्येकीच्या जनुकसंचात काही ना काही बदल केलेला आहे आणि तो वहीत टिपलेला आहे. ग्लिसरॉलमध्ये मिसळून, उणे ८० अंशांवर त्या ठेवलेल्या असतात. फ्रीझरची देखभाल आणि त्या सांभाळणाऱ्या एका माणसाचा पगार, एवढीच मागणी होती. शेरा एका ओळीचा आला: मानवी उपयोग स्पष्ट नाही.

वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण असाच शेरा ज्यांना मिळाला आहे, ज्यांना यापुढे मिळेल, त्यांच्याही वतीनं लिहावंसं वाटलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

सुरुवात आमच्याच संग्रहातल्या एका स्ट्रेनपासून करते. तिच्यातून एकच जनुक काढून टाकलेलं आहे, सीवायएस४ नावाचं. हे जनुक नसलं की यीस्टला सिस्टीन हे अमिनो आम्ल बनवता येत नाही. बाहेरून सिस्टीन दिलं तरच प्लेटवर कॉलन्या, म्हणजे यीस्टच्या पेशींचे ठिपके, उगवतात, नाही तर प्लेट कोरी राहते. ज्यांनी या जनुकाचा प्रथम अभ्यास केला त्यांना यीस्ट गंधकाचा वापर कसा करतं एवढंच समजून घ्यायचं होतं.

माणसातही याच कामाचं जनुक आहे. त्याला सीबीएस म्हणतात. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की होमोसिस्टिन्युरिया हा आजार होतो. रक्तात होमोसिस्टीन साचत जातं, डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, हाडं ठिसूळ होतात, ऐन तारुण्यात रक्ताच्या गुठळ्या होतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात यीस्टचं हे जनुक काढून तिथे माणसाचं सीबीएस घातलं गेलं, आणि यीस्ट वाढू लागलं. माणसाच्या जनुकानं यीस्टचं काम चालवलं.

यातून पुढे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण ते चार ओळींत मावत नाही. एखाद्या मुलाचा डीएनए तपासला जातो आणि सीबीएसमध्ये एका अक्षराचा बदल सापडतो. हा बदल आधी कुणात पाहिलेला नसतो. अहवालात लिहून येतं, 'अर्थ अनिश्चित'. आईवडील तो कागद घेऊन बसतात आणि डॉक्टरांकडेही उत्तर नसतं. अशा वेळी तोच बदल असलेलं माणसाचं जनुक या स्ट्रेनमध्ये घालतात आणि दोन-तीन दिवस वाट पाहतात. कॉलन्या उगवल्या तर जनुक काम करतं आहे. नाही उगवल्या तर बिघाड खरा आहे. काही बदलांत आणखी एक गोष्ट दिसते. नुसत्या प्लेटवर यीस्ट वाढत नाही, पण जीवनसत्त्व बी-६ जास्त दिलं की वाढतं. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना बी-६च्या मोठ्या मात्रेनं खरोखर आराम पडतो, आणि कुणाला पडण्याची शक्यता आहे याचा अंदाज त्या प्लेटवरून बांधता येतो.

आता मला सांगा, हे काम कुठल्या रकान्यातलं? जनुक माणसाचं, पेशी यीस्टची, प्रश्न एका आजारी मुलाचा. आणि ही सगळी तपासणी ज्या स्ट्रेनच्या आधारावर उभी राहते तिच्या जन्माच्या वेळी कुणी विचारलं असतं, की याचा मानवी आरोग्याला उपयोग काय, तर प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' हेच होतं.

हे एखाददुसऱ्या जनुकापुरतं आहे असं वाटत असेल तर २०१५ मधलं एक काम आठवावं. यीस्टला जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली ४१४ जनुकं घेऊन, एकेक करून त्या जागी माणसाचं समकक्ष जनुक घातलं गेलं. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट जगलं. यीस्टचा आणि आपला सामाईक पूर्वज सुमारे एक अब्ज वर्षांमागचा. इतका काळ लोटूनही निम्मे भाग एकमेकांच्या यंत्रात बसतात! विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोलत नाही. मलाही अजून ते सांगताना अंगावर काटा येतो.

आपल्या शास्त्राचा पाया कुठे कुठे रचला गेला ते पाहा. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यात सापडले, १८६६ मध्ये छापून आले. जनुकं गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली असतात हे १९१३ मध्ये फळमाशीवरून कळलं, आणि तो पहिला नकाशा काढणारा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट तेव्हा विशीतला विद्यार्थी होता. आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंनी सांगितलं. यातलं काहीही माणसावर प्रयोग करून सापडलेलं नाही, सापडणंही शक्य नव्हतं. माणसाच्या पिढीला वीस-पंचवीस वर्षं लागतात, फळमाशीला दहा-बारा दिवस, जीवाणूला अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटं.

जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. त्या मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके पाहत. एकाच कणसात काही दाणे जांभळे, काही फिके, काहींवर शिंतोडे उडाल्यासारखे डाग. या डागांचा माग काढत त्या अशा निष्कर्षाला पोहोचल्या की जनुकसंचातले काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि तिथल्या जनुकाचं काम थांबवतात. १९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा सभागृह थंड राहिलं. पुढे काही वर्षांतच त्यांनी या विषयावर सविस्तर प्रसिद्ध करणं जवळपास थांबवलं. काम मात्र सोडलं नाही. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. त्या मधल्या काळात त्यांना पाठिंबा देणारी संस्था नसती, दर दोन वर्षांनी उपयोग सिद्ध करावा लागला असता, तर काय झालं असतं या विचारानं मला आजही अस्वस्थ वाटतं.

आणि त्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा माणसाशी संबंध? मानवी जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्याचा जवळजवळ निम्मा भाग अशाच तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा निघाला. त्याआधीच, १९८८ मध्ये, हिमोफिलिया असलेल्या दोन रुग्णांत असा तुकडा रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात घुसलेला सापडला होता. आईवडिलांत तो त्या जागी नव्हता. मक्याच्या दाण्यावरचा डाग आणि त्या मुलांचं न थांबणारं रक्त, दोन्हींमागे एकाच जातीची घटना होती. मॅक्लिंटॉक यांच्या अर्जावर खूण 'वनस्पती' या रकान्यात पडली असती.

क्रिस्परची, म्हणजे डीएनए हवा तिथे कापण्याच्या तंत्राची, गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, कारण आज प्रत्येक दुसऱ्या अर्जात तो शब्द असतो. तिची सुरुवात मात्र फार थोड्या अर्जांत लिहिलेली असते. १९८७ मध्ये जपानमध्ये योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारे विचित्र क्रम दिसले. त्यांनी ते नोंदवले आणि त्यांचा अर्थ कळत नाही असंही लिहिलं. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका मिठागरात जगणाऱ्या हॅलोफेरॅक्स नावाच्या सूक्ष्मजीवाचा अभ्यास करत होते. इतक्या खारट पाण्यात तो टिकतो कसा, हा त्यांचा विषय. त्यांनाही तसेच क्रम दिसले आणि ते त्यांच्याच मागे लागले. क्रमांच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, म्हणजे ही जीवाणूंची प्रतिकारशक्ती असावी, हे त्यांनी ओळखलं. तो लेख एकामागून एक नियतकालिकांनी नाकारला. शेवटी २००५ मध्ये तो छापून आला. मग २००७ मध्ये दही आणि चीजसाठी विरजणाचे जीवाणू पुरवणाऱ्या एका कंपनीतल्या संशोधकांनी तेच प्रयोगानं सिद्ध केलं. त्यांची काळजी एवढीच होती की विषाणूंमुळे विरजण मरू नये. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पान्तिए आणि जेनिफर डाउडना यांनी घसा दुखवणाऱ्या जीवाणूमधल्या या यंत्रणेपासून हवा तिथे डीएनए कापणारी कात्री बनवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी या कात्रीवर आधारलेला उपचार मंजूर झाला. जगात अशी ती पहिलीच मंजुरी.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तपेशींच्या मूळपेशी काढून त्यांत बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक तुकडा कापतात, म्हणजे गर्भात असताना चालू असलेलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. ज्यांना दर काही महिन्यांनी असह्य वेदनांनी दवाखान्यात भरती व्हावं लागे, अशा बहुतेक रुग्णांचं ते वर्षभर तरी थांबलं. मिठागरापासून इथवर यायला तीस वर्षं लागली. यातली पहिली वीस वर्षं तुमच्या चार ओळींत काय लिहिलं गेलं असतं?

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी हलका मानत नाही. पैसा मर्यादित आहे. आजारी माणसं आज वाट पाहत आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून 'आम्ही यीस्टला गंधक कसं लागतं ते पाहतोय' असं म्हणणं सोपं नाही. मी अशा पालकांशी बोलले आहे. त्यांतल्या एका वडिलांनी मला विचारलं होतं, तुमच्या त्या प्लेटवर काय दिसलं? त्यांना माझा रकाना कुठला याच्याशी देणंघेणं नव्हतं. रुग्णांसाठी थेट होणाऱ्या कामाचा एकही रुपया, डॉलर किंवा युरो कमी करावा असं मी म्हणत नाही. मी म्हणते आहे की त्या कामाची हत्यारं जिथून येतात ती जागा बंद करू नका. आणि सगळ्याच सूक्ष्मजीवांच्या, किड्यांच्या, रोपांच्या कामातून औषधं निघतात असाही माझा दावा नाही. बहुतेकांतून निघत नाहीत. कशातून निघतील ते आधी कळत नाही, हीच तर अडचण आहे.

रकान्यांची दुसरीही एक किंमत आहे, आणि ती मला जास्त भीतीदायक वाटते. जनुकं स्वतः या रेषा पाळत नाहीत. २०१५ च्या अखेरीस चीनमधून एक शोध प्रसिद्ध झाला. कोलिस्टिन हे प्रतिजैविक, बाकी सगळी हरली की वापरायचं. त्याला निकामी करणारं एमसीआर-१ हे जनुक डुकरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णालयातल्या माणसांत मिळालेल्या ई. कोलायमध्ये सापडलं. ते प्लाझमिडवर होतं, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर. जनावरांची वाढ व्हावी म्हणून चाऱ्यात कोलिस्टिन घातलं जाई. २०१७ मध्ये तो वापर तिथे थांबवला गेला, आणि पुढच्या पाहणीत जनावरांतही आणि माणसांतही या जनुकाचं प्रमाण खाली आलेलं दिसलं. इथे पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच टेबलाशी बसले नसते तर हे कळलंच नसतं. तुमच्या पद्धतीत त्यांनी तीन वेगळे अर्ज केले असते, तीन समित्यांसमोर, आणि बहुधा प्रत्येक समितीनं म्हटलं असतं की हे आमच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही.

आता संग्रहांकडे येते, कारण माझं मन तिथे अडकलेलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका फ्रीझरचा कॉम्प्रेसर रात्री बंद पडला. अलार्म वाजला, पण तो ऐकायला नेमलेला माणूस आमच्याकडे आता नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा कुप्यांवरचं बर्फ वितळून लेबलं ओली झाली होती. बऱ्याच स्ट्रेन्स परत वाढवता आल्या. काही आल्या नाहीत. त्यांतल्या काही माझ्या गुरूंनी बनवल्या होत्या. आज ते हयात नाहीत. त्यांनी कोणती पायरी कशी केली हे वहीत आहे, पण पुन्हा तशीच स्ट्रेन बनवायला कुणाचं वर्ष जाईल, कुणाची दोन. एका फ्रीझरच्या दुरुस्तीची रक्कम वेळेवर हातात असती तर हे टळलं असतं.

असे संग्रह सांभाळण्यासाठी माणसांनी काय दिलं आहे ते लेनिनग्राडमध्ये, म्हणजे रशियातल्या आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पाहायला मिळतं. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर फिरून पिकांची आणि त्यांच्या रानटी नातलगांची बियाणी तिथे जमवली होती. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. त्याच काळात, दुसऱ्या महायुद्धात, लेनिनग्राडला वेढा पडला होता, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत. शहरात लाखो लोक भुकेनं मेले. संस्थेत पोत्यांनी गहू, तांदूळ, शेंगा, बटाटे होते, आणि ते सांभाळणाऱ्यांनी ते खाल्ले नाहीत. तांदळाचा संग्रह पाहणारे दमित्री इव्हानोव्ह तांदळाच्या हजारो पुड्यांमध्ये उपासमारीनं गेले. मी हे उदाहरण कुणाला लाज वाटावी म्हणून देत नाही. त्या माणसांना त्या पुड्यांत काय दिसत होतं, ते तुम्हालाही दिसावं म्हणून देते.

भाताचं एक उदाहरण पुरेसं आहे. एफआर१३ए नावाचं ओडिशातलं एक जुनं वाण. उत्पन्न कमी, म्हणून शेतातून मागे पडलेलं. पण ते दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहूनही पुन्हा उभं राहतं. बियाण्याच्या संग्रहात ते टिकून होतं म्हणून २००६ मध्ये त्याच्यातलं सब१ए हे जनुक ओळखता आलं. रोप पाण्याखाली गेलं की हे जनुक त्याची वाढ थांबवतं आणि साठवलेली साखर वाचवतं. संकरानं हे जनुक भरघोस पिकणाऱ्या वाणांत आणलं गेलं आणि आज पूर येणाऱ्या भागांतले शेतकरी ते पेरतात. ज्या वर्षी ते वाण पाकिटात बंद करून ठेवलं गेलं, त्या वर्षी त्याचा उपयोग स्पष्ट नव्हता.

सीरियातल्या अलेप्पोजवळच्या बियाणे संग्रहाचं काम युद्धानं अडलं तेव्हा त्याच्या प्रती आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या तिजोरीत होत्या. २०१५ मध्ये त्या काढून लेबनॉन आणि मोरोक्कोमध्ये पेरल्या गेल्या, आणि नवं बियाणं तयार करून २०१७ मध्ये त्यातला वाटा पुन्हा तिजोरीत ठेवला. प्रत असली की असं होतं. जीवाणूंच्या, बुरशींच्या, फळमाश्यांच्या, यीस्टच्या कितीतरी संग्रहांची अशी प्रत कुठेही नाही. ते एखाद्या निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाच्या खोलीत, एका फ्रीझरवर तगून आहेत. फळमाश्यांचे तर बहुतेक प्रकार गोठवून ठेवलेलेही नसतात. कुणीतरी दर काही आठवड्यांनी त्यांना नव्या बाटलीत घालावं लागतं, सुटीतही, सणालाही. तो हात थांबला की ती शाखा संपली.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. अर्जावरचे चार रकाने नोंदीपुरते ठेवायचे तर ठेवा, पण एकापेक्षा जास्त खुणा करू द्या, आणि अशा अर्जाला प्रत्येक रकान्यातला किमान एक तज्ज्ञ वाचू द्या. मूलभूत प्रश्नांच्या अर्जातून तो थेट उपयोगाचा प्रश्न काढा. त्या जागी विचारा, की तुम्ही जे शोधता आहात ते खरं की खोटं हे कसं कळेल, आणि तुमच्या हाती आलेली सामग्री दुसऱ्यांना कशी मिळेल. मी स्वतः परीक्षक म्हणून अर्ज वाचले आहेत. या दोन उत्तरांवरून चांगलं काम ओळखता येतं, उपयोगाच्या चार ओळींवरून क्वचितच. आणि संग्रह व माहितीसाठे यांना प्रकल्पांच्या रांगेत उभं करू नका. दोन वर्षांचा प्रकल्प संपतो, फ्रीझर संपत नाही. त्यांच्यासाठी दहा वर्षांचा वेगळा निधी ठेवा, अट अशी घाला की प्रत्येक संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी असलीच पाहिजे आणि मागेल त्या संशोधकाला नमुना मिळालाच पाहिजे. यातली शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात तातडीची.

तोवर आम्ही थांबलेलो नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं त्यांच्या फ्रीझरमधले दोन कप्पे आम्हाला दिले आहेत. दोन विद्यार्थिनी आणि मी रोज संध्याकाळी चाळीस स्ट्रेन्स काढतो, प्लेटवर रेघ ओढतो, दोन दिवसांनी कॉलनी उचलून नव्या कुपीत भरतो आणि लेबल या वेळी पाण्यानं न पुसणाऱ्या शाईनं लिहितो. सीवायएस४ नसलेली ती स्ट्रेन मंगळवारी भरली. समितीतल्या कुणाला पाहायची असेल तर जरूर या. दोन प्लेट्स शेजारी ठेवून दाखवीन, एक कोरी आणि दुसरी माणसाच्या जनुकावर वाढलेली.

आपली नम्र,
यीस्टचा एक संग्रह सांभाळणारी संशोधक